कसर दाखवून वाळवीचे पैसे: ‘मोफत तपासणी’च्या नावाने झालेली फसवणूक

डोंबिवलीतील आमच्या जुन्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात ‘पेस्ट कंट्रोलची मोफत तपासणी’ करणारे दोन तरुण आले आणि एकाच दुपारी आमच्यासह आणखी काही घरांतून मोठी रक्कम घेऊन गेले. नंतर शेजाऱ्यांशी बोलल्यावर लक्षात आले की प्रत्येक घरात त्यांनी तेच शब्द वापरले होते, त्याच क्रमाने आणि त्याच आवाजात. त्यांच्या फसवणुकीचा सारा डोलारा दोन गोष्टींवर उभा होता: किड्याचे नाव बदलायचे आणि दर सांगताना तो कशाचा आहे, हे मोघम ठेवायचे. या दोन्ही गोष्टी नीट समजल्या तर पुढचे नाटक उभेच राहत नाही, म्हणून त्या तपशिलाने लिहिते आहे.

आमच्या आतल्या खोलीत भिंतीत बसवलेले लाकडी कपाट आहे. त्याच्या वरच्या फळीवर सासऱ्यांनी जपलेले, बाइंडिंग करून घेतलेले दिवाळी अंक आहेत आणि खालच्या कप्प्यात सासूबाईंची पैठणी, काही खळ केलेली सुती लुगडी आणि लग्नाचे अल्बम. आलेल्यांपैकी एकाने एक अंक उचलताच त्याखालून एक कसर, म्हणजे हल्ली सगळे ज्याला सिल्व्हरफिश म्हणतात तो किडा, सुळकन पळाली. त्याने ती अंगठ्याने दाबली आणि अंगठा सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरला. अंगठ्यावर रुपेरी भुकटी चकाकत होती. “काकू, ही बघा पावडर. ही वाळवीची पिल्लं आहेत. कपाट बाहेरून चांगलं दिसतंय, पण आतून पोकळ झालंय,” असे म्हणून त्याने कपाटाच्या पाठीवर टकटक केले. पातळ प्लायवूडवर टकटक केले की आवाज पोकळच येतो, पण भुकटी पाहून धसकलेल्या माणसाला त्या क्षणी ते सुचत नाही.

ती भुकटी वाळवीची नव्हती. कसरीच्या अंगावर अतिशय बारीक खवले असतात आणि नुसत्या स्पर्शानेही ते सुटून बोटाला लागतात. तिला चांदीसारखी चमक येते ती त्यांच्यामुळेच. कसर बिनपंखी असते, लांबीला साधारण एक ते दीड सेंटिमीटर, डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळती होत गेलेली, आणि शेवटाला शेपटीसारखे तीन तंतू. वाळवी मऊ, पांढुरकी असते, वसाहत करून राहते, भिंतीवर मातीच्या नळ्या बांधते आणि पावसाच्या सुरुवातीला तिच्यातले पंखवाले किडे पंख गाळतात. कसरीच्या पिल्लांची कधीही वाळवी होत नाही, कारण ती जन्मतःच छोट्या कसरीसारखी दिसतात आणि कात टाकत टाकत मोठी होतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कसर लाकडी फर्निचर पोखरत नाही. तिला पिष्टमय आणि गोड पदार्थ हवे असतात: पुस्तकांच्या बांधणीची खळ, कागदाचा वरचा थर, कपड्यांची खळ, अल्बमचा डिंक, पुठ्ठ्याचे खोके. नुकसान ती करतेच, पण त्यासाठी भिंतीत भोके पाडण्याचे काहीही कारण नाही.

भोके मात्र पाडली गेली. दर विचारला तेव्हा उत्तर आले, “वीस रुपये फक्त, होल मारून औषध सोडायचं.” हे ऐकणारा कोणीही एका भोकाचे वीस रुपये असेच समजेल, आणि तसे समजावे म्हणूनच वाक्य तसे रचलेले होते. कपाटामागे आणि चौकटींच्या कडेने साठ भोके मारून झाल्यावर हिशेब मांडला गेला तो मिलिलिटरवर: प्रत्येक भोकात पंधरा मिली, म्हणजे एकूण नऊशे मिली आणि रक्कम अठरा हजार रुपये. आम्ही हरकत घेताच दोघांपैकी मोठ्याचा आवाज चढला. औषध आता भिंतीत गेले आहे, ते परत काढता येणार नाही, शेजारच्यांनी तर कुरकुर न करता दिले, अशी वाक्ये एकामागून एक आली, आणि मग उपकार केल्यासारखी ‘सूट’ देऊन चौदा हजारांवर तडजोड झाली. घरात वयस्कर माणूस, यजमान कामावर, दारात ड्रिल घेऊन उभे असलेले दोघे. ही वेळ त्यांनी विचारपूर्वक निवडलेली असते. पैसे यूपीआयने मागितले गेले आणि ते कोणत्या कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात गेले. पावतीवर रंगीत मथळा, ‘पाच वर्षांची हमी’ आणि मोबाइल क्रमांक होता. पत्ता, जीएसटी क्रमांक, परवाना क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. सोबत एक प्लगमध्ये खोचायचे ‘अल्ट्रासोनिक मशीन’, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे पळवते असे सांगितले जाणारे यंत्र, भेट म्हणून मिळाले. अशा यंत्रांच्या दाव्यांना पुरावा असायला हवा, अशी ताकीद अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २००१ सालीच साठाहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना दिली होती. आमच्या यंत्राचा दिवा तेवढा नियमित लागतो.

भिंतीत सोडलेले द्रव कोणते होते हे आजही आम्हाला ठाऊक नाही. ते लेबल नसलेल्या पांढऱ्या कॅनमधून आले आणि त्याला रॉकेलसारखा वास होता. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्याने त्यांना काही दिवस नणंदेकडे पाठवावे लागले. कपाटाच्या पाठीतून ते द्रव पाझरले आणि अल्बमच्या कडांवर तेलकट डाग पडले. पैठणी वाचली ती केवळ जुन्या धोतराच्या दोन घड्यांत बांधलेली होती म्हणून. भारतात नोंदणी झालेल्या कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषारीपणाची पातळी दाखवणारा रंगीत त्रिकोण छापलेला असतो: लाल सर्वांत घातक, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. दुसऱ्या बाटलीत ओतून आणलेल्या औषधावर हा त्रिकोण नसतो, घटकांची नावे नसतात आणि विषबाधा झाल्यास डॉक्टरांना सांगण्यासारखेही काही हाती राहत नाही. डायक्लोरव्हॉससारखे, एकेकाळी घरोघरी फवारले जाणारे औषध २०२० च्या अखेरीपासून देशात पूर्णपणे बंद आहे. कॅनमध्ये काय आहे हे न सांगणाऱ्याकडे काय असेल, याचा अंदाज आपणच करायचा.

महिन्याभरात कसर पुन्हा दिसू लागली. हमीची आठवण करून देण्यासाठी फोन केला, तेव्हा ‘गॅसच्या गोळ्या’ ठेवून दोन दिवस घर बंद करा, त्याचे वेगळे पैसे होतील, असे सांगण्यात आले. हा सल्ला कोणी दिला तर संभाषण तिथेच थांबवावे. अशा गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो भिंतींच्या फटींतून शेजारच्या घरातही जातो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. धान्याच्या गोदामासाठीचे ते औषध आहे, राहत्या घरासाठीचे नव्हे. आम्ही नकार दिल्यानंतर तो क्रमांक लागणेच बंद झाले.

खरे कारण पुढे एका परवानाधारक माणसाने दाखवले, आणि त्याने ड्रिलची पेटीसुद्धा उघडली नाही. कपाटामागची भिंत न्हाणीघराची आहे आणि त्यातील नळाचा एक जोड झिरपत होता. कसरीला दमट हवा लागते. सापेक्ष आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर असली की ती सुखाने वाढते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तेवढी आर्द्रता बंद कपाटात सहज असते. कोरड्या जागेत तिची अंडी तग धरत नाहीत. प्लंबरने जोड बदलला, भिंत वाळू दिली, कपाटाच्या पाठीला हवा खेळण्यापुरती फट ठेवली, आणि निम्मे काम त्यातच झाले. वाळवीचे औषध विकणाऱ्यांनी ओल आलेल्या त्याच भिंतीत साठ भोके मारली होती, पण भिंत ओली का, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

उरलेले काम घरचेच आणि जवळजवळ फुकटाचे होते. पुठ्ठ्याची खोकी काढून टाकली, कारण नालीदार पुठ्ठा बहुधा पिष्टाच्या गोंदानेच चिकटवलेला असतो. लुगडी खळ काढून, पूर्ण वाळवून ठेवली. पैठणी कडक उन्हात न घालता सावलीत हवेशीर पसरली आणि घडीची जागा बदलून पुन्हा सुती कापडात बांधली. हवाबंद डबे चांगले, पण आत घालायची वस्तू कोरडी असेल तरच, नाहीतर ओल आतच कोंडते. किडे अजून आहेत का हे पाहण्यासाठी काचेच्या बरणीला बाहेरून खडबडीत कागदी चिकटपट्टी गुंडाळून आत पावाचा तुकडा टाकला. कसर पट्टीवरून वर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. दिवाळी अंकांपैकी ज्यांची बांधणी सुटली होती ते बाइंडरकडे दिले, तेव्हा त्याने किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालून देतो असे आपणहून सांगितले. ही जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असल्याने ते काम त्याच्यावरच सोपवलेले बरे.

डांबराच्या गोळ्यांविषयीही सावध राहावे. नॅप्थलीनची वाफ श्वासात जाणे लहान मुलांना अपायकारक असते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये तर रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. कापूर आणि नॅप्थलीन एकत्र ठेवले तर दोन्ही विरघळून तेलकट द्रव होतो आणि तो कपड्यांवर उतरतो. वेखंडाचे तुकडे पूर्वापार ठेवतात, आम्हीही ठेवतो. वासाने किडे थोडे लांब राहत असावेत, पण ओल्या कपाटात त्यावर विसंबू नये.

पैशांचे काय झाले, असे अनेकांनी विचारले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. अडचण अशी की तक्रारीत विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि आमच्या हाती फक्त यूपीआयच्या नोंदीतले एक नाव व बंद पडलेला क्रमांक आहे. रक्कम आम्ही स्वतः पाठवलेली असल्याने बँकेनेही हात वर केले. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी परवाना आवश्यक असतो आणि आपल्या राज्यात तो कृषी खात्याकडून मिळतो. त्या परवान्यावर धारकाचे नाव व पत्ता असतो. आमच्या सोसायटीने आता फाटकावरच त्याची प्रत मागण्याचा ठराव केला आहे. शिवाय कामाआधी एका कागदावर किड्याचे नाव, औषधाचे नाव, दर कशाचा आणि एकूण रक्कम कितीपेक्षा जास्त होणार नाही, हे लिहून सही घेतली जाते. ठराव झाल्यानंतर ‘मोफत तपासणी’साठी एक जोडी आली होती, रखवालदाराने परवान्याची प्रत मागितल्यावर ती गाडीतून आणतो म्हणून गेली आणि परत आली नाही.