क्लिकचे पैसे की दर्शनाचे?

वेबसाइटवर जाहिराती लावल्या की कमाईचा आकडा रोज वरखाली होतो. किती होईल, ते पैसे कशाचे मिळतात यावर ठरतं: वाचकाने जाहिरातीवर क्लिक केल्याचे, की ती त्याला नुसती दिसल्याचे, म्हणजे दर्शनाचे.

क्लिकमागे पैसे असतील तर दोन गोष्टी एकदम हलतात: किती जणांनी क्लिक केलं आणि जाहिरातदार जागेसाठी बोली लावतात त्या लिलावात क्लिकला काय भाव आला. समजा १०,००० पानं पाहिली गेली, १०० क्लिक झाले, प्रत्येकी ४ रुपये. जमले ४००. दुसऱ्या दिवशी वाचक तेवढेच, पण क्लिक ६० आणि भाव ३ रुपये. हातात १८०! लेखात काही बिघडलेलं नसतं. विमा-कर्जाच्या पानावरचा क्लिक महाग, कवितेच्या पानावरचा स्वस्त. अमेरिकेतल्या मराठी वाचकाचा क्लिक सहसा इथल्यापेक्षा भारी. दिवाळीच्या सुमारास जाहिरातदारांचा हात सैल, जानेवारीत आखडलेला. शिवाय संशयास्पद क्लिक मागाहून वजा होतात, त्यामुळे डॅशबोर्डवरचा ताजा आकडा हा अंदाजच.

दर्शनामागे पैसे असले की क्लिकची लहर बरीच कमी होते, भावाची राहते. साइटवर जाहिराती पुरवणाऱ्या गूगल ॲडसेन्सने २०२४ च्या सुरुवातीला प्रकाशकांसाठी, म्हणजे साइटमालकांसाठी, हीच पद्धत धरली. छोट्या साइटला मला तीच बरी वाटते, कारण दिवसाला चारदोन क्लिक होत असतील तर त्यांच्यावर हिशेब कसला मांडणार? मोबाइल किंवा मिक्सर घ्यायचा ठरवूनच वाचक येत असतील, तर मात्र क्लिकची पद्धत जास्त देऊ शकते.

दोन्हींची तुलना दर हजार पानांमागच्या उत्पन्नावर करा, आणि तीही निदान महिनाभराच्या.