कारवान घ्यावा की राजपाळयम?

दोन्ही देशी, दोन्ही शिकारी, दोन्ही उंच आणि देखणे. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हे दोघेही होते. पण एकाला जे घर मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. म्हणून कुत्रा बघायला जाण्याआधी स्वतःची जागा आणि स्वतःचा दिवस बघा.

कारवान हा दख्खनच्या माळावरचा. ससा नजरेने हेरायचा आणि वेगाने गाठायचा, हे त्याचं पिढीजात काम. काफिल्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या सालुकीसारख्या कुत्र्यांशी त्याचं नातं सांगतात. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असणारी पश्मी त्याच्याच घराण्यातली. मुधोळ संस्थानच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी त्याची पैदास जोपासली आणि पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली. त्यामुळे कुठे ‘मुधोळ हाउंड’, कुठे ‘कॅरव्हान हाउंड’ अशी नोंद दिसते. कागदावर वेगळं नाव दिसलं म्हणून फसवलं असं समजू नका.

राजपाळयम तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातला. पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा, हाडापेराने कारवानपेक्षा भरलेला. रानडुकरावर जायचं आणि वाड्या-शेतांची राखण करायची, हे त्याचं आयुष्य होतं.

शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. शिकार थांबली तरी स्वभाव मात्र रक्तात उरलाच. कारवान घरात शांत, जवळजवळ अबोल असतो. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. लांबवर मांजर पळताना दिसलं, की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळं सोडू नये. शिवाय त्याचं डोकं अरुंद असल्याने साधा गळपट्टा सहज निसटतो. ओढ बसली की आवळणारा रुंद पट्टा घ्या. राजपाळयम हद्दीचा पक्का. एका माणसाला धरून राहतो आणि परक्यावर थेट जाऊ शकतो. येणंजाणं फार असलेल्या घरात मी तो सुचवणार नाही. कुत्रा पहिल्यांदाच पाळणाऱ्यालाही नाही.

खाण्याच्या बाबतीत कारवानवर हमखास अन्याय होतो. त्याच्या शेवटच्या फासळ्या आणि कमरेची हाडं दिसणं हीच त्याची निकोप प्रकृती. ‘किती वाळलाय’ असं कुणी म्हटलं म्हणून खायला घालत सुटलात, तर पळणाऱ्या सांध्यांवर वजन चढेल. अंगावर चरबी कमी म्हणून थंडीत झूल आणि झोपायला मऊ अंथरूण लागतंच. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पशुवैद्याला जात आधीच सांगा, कारण अशा सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात. राजपाळयमची पांढरी, विरळ केसांची कातडी उन्हात भाजते. त्याला दुपारी सावली हवी, आणि अंगावर खाज किंवा चट्टे दिसले तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

रोज भरपूर पळवता येईल अशी बंदिस्त मोकळी जागा असेल, तर माझं मत कारवानला. राखण हवी असेल, आवाराला भिंत असेल आणि शिस्त लावायला वेळ असेल, तर राजपाळयम. तोही ऐकू येतं याची खात्री करूनच. या जातीत जन्मजात बहिरेपण आढळतं, कारण रंगद्रव्याच्या ज्या पेशी कातडीला रंग देतात त्याच आतल्या कानालाही लागतात. पिल्लू भावंडांत असताना कळत नाही. बाकीची पळाली की तेही पळतं. त्याला एकटं घेऊन, पाठीमागून, हात न दिसता आणि हवा न हलवता आवाज करून बघा. एकाच कानाने बहिरं असेल तर एवढ्यानेही कळत नाही, त्यासाठी श्रवणचाचणीच करावी लागते. बहिरं पिल्लू हातवाऱ्यांनी उत्तम शिकतं, फक्त त्याच्यापासून पुढे पैदास घेऊ नका.