आमच्या आरव्हीची विमा पॉलिसी : चार तारे

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी; आमची क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. नूतनीकरणाआधी पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचून काढली.

गारपिटीनं छताला पोचे पडले तर कॉम्प्रिहेन्सिव्हमधून (टक्कर सोडून इतर नुकसानीचं संरक्षण) भरपाई मिळते, डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः भरायचा वाटा, वजा करून. पण छताच्या कडेचं सीलंट उन्हानं तडकून पाणी झिरपलं आणि आतलं प्लायवूड फुगलं, तर छदामही नाही. ती झीज, देखभाल मालकाची. म्हणून शिडी लावून सीलंट तपासा, तारखेसह फोटो ठेवा. हे मी कळकळीनं सांगतेय.

गाडी पुरती गेली तर घसारा वजा जाता बाजारभाव मिळणार की आधी ठरलेली रक्कम, हेही बघा. आम्ही ॲग्रीड व्हॅल्यू घेतली. हप्ता जास्त, पण सोलर आणि लिथियम बॅटऱ्या बसवल्यावर तीच परवडते. मेक्सिकोत जाणार असाल तर तिथली वेगळी लायबिलिटी पॉलिसी (आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारी) लागतेच.

एजंटबाई प्रत्येक कलम न कंटाळता समजावून सांगतात. एक तारा कापला तो आतल्या सामानाच्या तुटपुंज्या मर्यादेसाठी: लॅपटॉप, कॅमेरा आणि सायकली धरल्या की ती तिथंच संपते.