शाळेसाठी गांडूळ खताचा बेड: सांगलीतील एका शिक्षकाचा अभिप्राय

सांगली परिसरातील कृषी साहित्याच्या दुकानांत गांडूळ खतासाठी 12 फूट लांब, 4 फूट रुंद आणि 2 फूट उंचीचा जो एचडीपीई (विणलेल्या जाड प्लॅस्टिकच्या) कापडाचा तयार बेड मिळतो, तोच आमच्या शाळेने घेतला. कापड मजबूत आहे, जाळीच्या खिडक्यांमुळे हवा खेळती राहते आणि किंचित उतारावर बसवल्यास तळाच्या नळीतून व्हर्मीवॉश, म्हणजे बेडातून झिरपणारे द्रवखत, गोळा करता येते. खत तयार करण्याचे साधन म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र हा बेड शेतकऱ्याच्या गरजेप्रमाणे बनवलेला आहे, हे शाळांनी खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. लहान मुलांचा हात मध्यापर्यंत पोहोचत नाही, कापडाआड काय चालले आहे ते दिसत नाही आणि तो भरण्यास शाळेचा ओला कचरा अपुरा पडतो. आम्हाला उसाचे पाचट आणि जुने शेण बाहेरून आणावे लागले.

म्हणून बेडाच्या जोडीला वर्गात काचेच्या दोन बरण्या ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. एकीत शेतातल्या मातीत सापडणारी गांडुळे आणि दुसरीत खतासाठी विकली जाणारी, आयसेनिया फेटिडा या जातीची तांबडी गांडुळे सोडून बरण्यांना काळा कागद गुंडाळावा. काही दिवसांनी कागद काढला की पहिली मातीत खोल बिळे करतात आणि दुसरी वरच्या कुजक्या पाल्यातच राहतात, हे मुले स्वतः पाहतात, आणि बेडासाठी वेगळी जात का विकत आणावी लागते हे सांगण्याची गरज उरत नाही. गांडूळ त्वचेतून श्वास घेते, हे कळलेले मूल पाणी बेताने शिंपडते. मिश्रण मुठीत दाबून बोटांच्या फटींतून एखाद-दुसराच थेंब येतो ना, हे तपासण्याची सवय त्याला आपोआप लागते. पोषण आहारातील उरलेली खिचडी मात्र बेडात टाकू देऊ नये, कारण मीठ आणि तेल गांडुळांना सोसत नाही. ताजे शेणही कुजताना तापते, म्हणून ते आधी निववून घ्यावे.

खत काढण्याचा दिवस मला सर्वांत मोलाचा वाटतो. खताचा ढीग उजेडात केला की गांडुळे प्रकाश टाळून खाली जातात आणि वरचे खत हलक्या हाताने काढून घेता येते. हे काम मुलांकडूनच करून घ्यावे.

एक अडचण बेड विकणारे सांगत नाहीत. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात बेड सावलीतच हवा आणि त्यावर ओले गोणपाट रोज टाकावे लागते, पण त्यातल्या मे महिन्यात नेमकी शाळेला सुट्टी असते. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडल्यावर सुरुवात करावी, सुट्टीपूर्वी शेवटचे खत काढावे आणि गांडुळे एखाद्या पालक-शेतकऱ्याकडे सोपवावीत. कमी पटाच्या शाळेने हा मोठा बेड न घेता भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या टबापासूनच आरंभ करावा.