दिव्यांग सर्टिफिकेटसाठी एजंटला पैसे देण्याआधी फॉर्मवर मोबाईल नंबर कुणाचा आहे ते बघा

घरात कुणी दिव्यांग असेल आणि सर्टिफिकेट काढायचं असेल किंवा निराधारचा पगार चालू करायचा असेल तर हे शेवटपर्यंत वाचा, लांबलंय पण वाचा. माझ्या काकांचे साडेअकरा हजार रुपये गेले आणि पगाराचे कित्येक महिने बुडाले ते वेगळंच.

काकांना लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय बारीक आहे, काठी घेऊन चालतात. सगळा जन्म शिलाई मशीनवर काढला, दोन पोरींची लग्नं केली, कधी कुणापुढं हात पसरला नाही. आता सुईत दोरा ओवता येईना आणि चांगला पायपण गुडघ्यात दुखायला लागला म्हणून काकू म्हणाली संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करू. त्यात दिव्यांगांची रक्कम १५०० वरनं २५०० झाल्याचं गावात सगळीकडं कळलेलं, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पासूनची ती वाढ. त्यांच्याकडं कधीकाळचं हाताने लिहिलेलं सर्टिफिकेट होतं पण आता यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र लागतं.

तहसीलच्या बाहेर चहाच्या टपरीजवळ एकजण बसायचा, हातात फाईलींची पिशवी, येणाराजाणारा नमस्कार करणार, त्यामुळं नवीन माणसाला वाटतं हा ऑफिसातलाच कुणीतरी. त्यानं काकांची काठी बघितली आणि स्वतःहून उठून खुर्ची दिली. "मामा तुम्ही कशाला सिव्हिल हॉस्पिटलच्या पायऱ्या चढता, या वयात चकरा झेपायच्या नाहीत, तुम्ही फक्त आधार आणि फोटो द्या बाकी माझ्यावर सोडा." पाय दुखणाऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं तर बरं वाटणारच ना, काकांना पण वाटलं.

पहिल्यांदा २५०० घेतले, म्हणे ऑनलाइनची सरकारी फी. यूडीआयडीच्या अर्जाला सरकारी फी एक रुपयासुद्धा नाही हे मोठ्याने सांगा सगळ्यांना. मग थोड्या दिवसांनी ३००० घेतले उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, कारण म्हणे संजय गांधीला उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं आणि तुमचं शिलाईचं धरून त्याच्या वर जातंय, आतून करून घ्यावं लागेल. आता यातली चलाखी बघा, २१ हजारांची अट खरी आहे पण ती योजनेतल्या इतर निराधारांसाठी, दिव्यांगांसाठी मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, आणि काकांचं उत्पन्न त्यात सरळ बसत होतं. म्हणजे जी अडचण नव्हतीच ती सोडवायचे तीन हजार. अर्धी गोष्ट खरी सांगायची आणि त्यावर पैसे काढायचे ही त्यांची पद्धत आहे, म्हणून कुणाला चौकशीत पण लवकर सापडत नाहीत.

त्यानंतर नुसतं थांबा थांबा. फोन केला की "सर्व्हर डाऊन आहे", "तपासणी बोर्डाचे डॉक्टर रजेवर आहेत", "वरनं कोटा आला नाही". असा कोटाबिटा काही नसतो. शेवटी म्हणाला नंबर लावायचा तर डॉक्टरांना ६००० द्यावे लागतील, आणि अजून पाच दिले तर ८० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट करून देतो. काकूनं कानातलं गहाण ठेवून सहा दिले. ८० टक्क्यांचं काकांनी ऐकलं नाही, म्हणाले जेवढं आहे तेवढंच पाहिजे. ते फार बरं झालं, कारण खोटं दाखवून दिव्यांगांचा लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात अडकणार सर्टिफिकेटवर नाव असलेला माणूस, एजंटचं नाव कुठंच नसतं. आणि संजय गांधीला किमान ४० टक्के लागतात, ८० ची गरजच नाही. ८० टक्के आणि दारिद्र्यरेषा ही अट केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनची आहे, हे लोक दोन्ही योजना मुद्दाम एकात कालवून सांगतात.

मी सुट्टीला गावी गेल्यावर काकूनं हे सगळं सांगितलं. मी काकांना घेऊन सरळ सिव्हिलला गेलो. दिव्यांग विभागाच्या खिडकीवर एक ताई होत्या, त्यांनी आधार नंबर टाकला, स्क्रीनकडं बघितलं, परत काकांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काका तुम्हाला तर तपासणीची तारीख कधीच पडली होती, आला का नाहीत?" मला आधी कळेना. त्यांनी मॉनिटर आमच्याकडं वळवून दाखवलं, नाव काकांचं, पत्ता बरोबर, फोटो बरोबर, आणि मोबाईल नंबर त्या एजंटचा.

म्हणजे त्यानं अर्ज पहिल्याच आठवड्यात भरलेला होता. फुकट होणारा, साधा, खरा अर्ज. फक्त नंबर स्वतःचा टाकला. त्यामुळं ओटीपी त्याला, पोचपावती त्याच्याकडं, तारखेचा मेसेज त्याच्या फोनवर. काकांची तारीख त्याच्या खिशात पडून होती आणि तीच तारीख तो सहा हजाराला विकत होता. ताई म्हणाल्या असे बरेच येतात, तारीख निघून गेल्यावर रडत येतात. काका काही बोलले नाहीत, काठी दोन्ही हातात धरून बाकावर बसून राहिले, मला त्यांच्याकडं बघवेना.

पुढचं त्या ताईंनीच मार्गी लावलं, नंबर बदलायला लावला, नवीन तारीख दिली. तपासणीला हाडांच्या डॉक्टरांनी पाय मोजला, चालवून बघितलं, ताकद बघितली. जुनं कागदी सर्टिफिकेट आणि एक्सरे नेला होता त्याचा उपयोग झाला, तुमच्याकडं जे जुने कागद असतील ते सगळे न्या, फाटके असले तरी न्या. टक्के कसे मोजायचे हे केंद्र सरकारनं राजपत्रात छापलंय, घासाघीस करायची गोष्टच नाही ती. दिलेले टक्के पटले नाहीत तर अपील करता येतं, त्यासाठी पण एजंट लागत नाही. काकांचं कार्ड आलं, पिवळ्या पट्टीचं, म्हणजे ४० पासून पुढं आणि ८० च्या आत. ४० च्या आत असेल तर पांढरी पट्टी आणि ८० पासून पुढं निळी.

फॉर्म भरायला कुणाची मदत घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाहीये. काकांना मोबाईलवर फॉर्म भरणं जमणारच नव्हतं. महा ई-सेवा केंद्रात जा, दरपत्रक बघा, पावती मागा, आणि फॉर्म सबमिट करायच्या आधी मोबाईल नंबरचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पोचपावतीची प्रिंट तिथल्या तिथं घ्या, त्यावरचा नंबर टाकून अर्ज कुठवर आलाय ते यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर बघता येतं. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांग व्यक्तीला तिथं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१०० आहे. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. आणि कुणी सरकारी माणसानं पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

अजून एक सांगायचं राहिलं. त्यानं काकांकडं बँकेचं पासबुक आणि अंगठा लावलेली पैसे काढायची स्लिप पण मागितली होती, म्हणे पहिले तीन हप्ते माझे. काकूनं दिली नाही. आता पैसे डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यात मधल्या माणसाचं काही काम नाही, त्यामुळं पासबुक, एटीएम, कोरी स्लिप, अंगठा यातलं काहीच कुणाकडं ठेवू नका.

तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज दिलाय, पोच घेतलीय, आता समितीपुढं जाईल. त्या माणसाकडं मी आणि चुलतभाऊ गेलो तेव्हा त्यानं पिशवी उघडली, आत आधारच्या झेरॉक्सांचे गठ्ठे, प्रत्येकाला पिन मारलेली आणि कोपऱ्यात पेनाने रक्कम लिहिलेली. कुठं दोन हजार, कुठं पाच, एका झेरॉक्सवर तर लहान मुलीचा फोटो होता. त्यानं ४००० परत केले आणि बाकीचे देतो देतो म्हणतोय. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय. तुमच्या घरातल्या कुणी असा अर्ज भरायला दिला असेल आणि महिनोन्महिने काही कळत नसेल तर आधार कार्ड घेऊन सिव्हिलच्या खिडकीवर जा आणि फॉर्मवर कुणाचा नंबर आहे एवढंच विचारा, कदाचित तुमची तारीख पण पडलेली असेल.