तीन मजली तबक आणि सहा कपबश्या: घरच्या चहापानासाठी घेतलेला संच

कधी बागेची, कधी जुन्या छायाचित्रांची अशी एखादी कल्पना ठरवून घरच्या मंडळींसाठी दुपारचे चहापान योजण्याचा आमचा परिपाठ असल्यामुळे चिनी मातीची चहादाणी, सहा कपबश्या आणि तीन मजली तबक असा संच आम्ही मागवला. इंग्लंडमध्ये 1840 च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना हिने रूढ केल्याचे मानल्या जाणाऱ्या या प्रथेत सामान्यतः खालच्या ताटलीत सँडविच, मधल्या ताटलीत स्कोन (लहान, गोलसर भाजलेले पाव) आणि वरच्या ताटलीत गोड पदार्थ मांडतात व खाण्याचा क्रमही खालून वर असाच असतो. त्यामुळे तबक हाच संचाचा कणा होय. दुर्दैवाने नेमका तोच डळमळीत निघाला. मधल्या दांड्याचे आटे नीट बसत नसल्याने वरची ताटली कलते, आणि पहिल्याच दिवशी धाकट्या पुतणीने एक केक उचलताच बाकीचे तिच्याच दिशेने घसरले. (तिची अर्थातच काही तक्रार नव्हती.)

चहादाणीविषयी मात्र समाधान आहे. आतील गाळणी खोल असल्यामुळे पानांना उलगडायला जागा मिळते, आणि काळा चहा 3 ते 5 मिनिटे मुरल्यावर ती सहज बाहेर काढता येत असल्याने चहा कडवट होत नाही. तोटीतून शेवटचा थेंब टेबलक्लॉथवर ओघळतो, हे खरे. कप नक्षीविना, निव्वळ पांढरे असल्यामुळे कोणत्याही सजावटीत शोभतात. मोठ्या कुटुंबाने असे दोन संच घेण्याऐवजी कपबश्या सुट्या घ्याव्यात आणि तबक जड बुडाचे, वेगळे पाहावे.