जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५ ५६०० : हिंगणघाटकडच्या उन्हातला रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. तुमच्याकडे २०१८-१९ च्या सुमाराचा बी४५० बोर्ड (मदरबोर्ड) असेल, त्यावर एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर असेल आणि ग्राफिक्स कार्ड मधल्या दर्जाचं असेल, तर रायझन ५ ५६०० घ्या आणि निवांत खेळा. बोर्ड, रॅम, कॅबिनेट काहीच बदलू नका. प्रोसेसरच्या डब्यात येणाऱ्या पंख्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच.

माझं मशीन म्हणजे २६००, सोळा जीबी डीडीआर४ आणि जीटीएक्स १६६० सुपर. दिवसा त्यावर लोकांचे सातबारे आणि पीक विम्याचे फॉर्म निघतात, रात्री गावातले पोट्टे जमतात आणि व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम सुरू होतो. एकट्यानं फिरताना सगळं गोड चालायचं. पण दहाही जण एका ठिकाणी भिडले, धूर पडला, की चित्र अडखळलंच. आकडे लावून पाहिलं तर ग्राफिक्स कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर आरामात बसलेलं आणि प्रोसेसर घामाघूम. असं दिसलं तर नवीन कार्डावर पैसे घालू नका, रोग दुसरीकडे आहे.

नागपूरला सीताबर्डीत एका दुकानात विचारलं. काउंटरवरचा म्हणाला, "भाऊ, जुना झाला तो बोर्ड. सेटच घेऊन टाका." सेट म्हणजे एएम५ या नव्या सॉकेटचा बोर्ड, वर डीडीआर५ रॅम, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेले ते तुम्हाला माहीतच आहे. एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) २०१७ च्या पहिल्या रायझनपासून तेच आहे, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) नवा केला की बी४५० वर ५००० मालिका चालते, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मी अडून बसलो तर म्हणे, "मग ५६००जी घ्या ना, एकच आहे ते."

एकच नाही, राजेहो. इथे नीट लक्ष द्या, कारण पैसे इथेच जातात. ५६०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी आहे, ५६००जी आणि ५५०० मध्ये १६. जी मध्ये आतलं ग्राफिक्स मिळतं, पण वेगळं कार्ड असलेल्याला त्याचं काय करायचं? आणि खेळात फरक पडतो तो या कॅशनंच. जुन्या २६०० मध्येही १६ एमबी होती, पण तीही वाटणी झालेल्या वावरासारखी: तीन कोअर आठ एमबी घेऊन इकडच्या बांधावर, तीन कोअर आठ घेऊन तिकडे, आणि पलीकडचं काही लागलं की बांध ओलांडून जा. ५६०० मध्ये सहाही कोअरना ३२ एमबी एकत्र. दोन्ही प्रोसेसर सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅटचे. कागदावर भाऊ-भाऊ वाटतात, खेळात नाहीत.

मला ५६०० दहा हजारांच्या आसपास पडला. बाबांनी लगेच हिशेब केला, "एवढ्यात डीएपीच्या सात थैल्या येतात." येतात, साडेतेराशेच्या भावानं बरोबर सातच. ९६ एमबी कॅशवाला ५७००एक्स३डी पण पाहिला होता, पण १६६० सुपरसोबत तो घेणं म्हणजे उगाच खर्च, आणि त्याच्या डब्यात पंखाही येत नाही.

आता बायोस. नवा प्रोसेसर बसवायच्या आधी, जुना बोर्डावर असतानाच हे करायचं. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नेमक्या आपल्या मॉडेलची फाइल घ्या, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच टूलनं चढवा. शहरात हे किरकोळ काम आहे. आमच्याकडे ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज लोळतं, आणि लाईन कधी जाईल ते डीपीलाच माहीत. बायोस अर्धवट असताना लाईन गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, ते यूपीएसकडे करून ठेवा, नाहीतर लाईन जाताना जो क्षणभराचा खंड पडतो त्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बायोस चढायची पट्टी चाळीस टक्क्यांवर असताना माय स्वयंपाकघरातून विचारून राहिली, "मिक्सर लावू का रे?" मी जो ओरडलो, तो शेजारच्या काकूंनाही ऐकू गेला असेल.

प्रोसेसर काढताना घाई नको. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि जुनी पेस्ट वाळून चिकट झालेली असते. हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर लिव्हर बंद असतानाही सॉकेटमधून उपटून येतो. आधी थोडा वेळ गेम चालवून मशीन गरम करा, मग बंद करून, चारही स्क्रू सोडून हीटसिंक हलक्या हातानं डावी-उजवीकडे फिरवा. सुटल्याचं हाताला कळतं. बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली बसला पाहिजे, बोटानं दाबायचा नाही.

पहिल्यांदा चालू केलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर येतो: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग) रीसेट करू का, वाय की एन. घाबरू नका. फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

फरक? कार्ड आता पंचाण्णव टक्क्यांच्या वर पळतं आणि धुरातही चित्र अडखळत नाही. सरासरी फ्रेम वाढल्या ते सोडा, मधले झटके गेले यात माझे पैसे वसूल. बी४५० वर पीसीआयई (कार्ड बोर्डाशी जोडणारा मार्ग) ३.० च मिळतं, पण १६६० सुपर स्वतःच ३.० चं कार्ड आहे, त्यामुळे काही बुडत नाही.

पंख्याचं असं आहे की तो एसीच्या खोलीसाठी ठीक. मे महिन्यात बाहेर ४५-४६ आणि माझ्या टिनाच्या खोलीत ४२ असताना तो पूर्ण जोरात फिरतो आणि प्रोसेसर पंच्याऐंशीच्या पुढे जातो. या चिपची कमाल मर्यादा ९० अंश, म्हणजे अंतर फार उरत नाही. मी बायोसमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, ७६ वॅटवरून ५५ वर आणली. तापमान उतरलं, व्हिडिओ एक्सपोर्टला थोडा वेळ वाढला, खेळात काही जाणवलं नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी १२० मिलिमीटरचा टॉवर कूलर घेणारच आहे. आणि डेझर्ट कूलरची ओली हवा सरळ कॅबिनेटवर सोडू नका. जिनिंग सुरू असलेल्या दिवसांत हीटसिंकच्या पात्यांत रुईचा गादीसारखा थर बसतो. तो ब्लोअरनं उडवताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा गरगर फिरू देऊ नका.

ज्यांच्याकडे पहिल्या पिढीचा १६०० आहे त्यांना आणखी एक कारण: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि १६०० विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही, ५६०० आहे. ज्यांचं कार्ड आत्ताच अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर पळत असेल त्यांनी मात्र हा घेऊ नये, त्यांचे पैसे कार्डावरच जायला हवेत. माझा जुना २६०० वणीच्या मामेभावाकडे गेला, त्याच्या पोराला शाळेचं काम आणि थोडं खेळायला तो भरपूर आहे.